मिटलेला पॉलिप : काचेच्या टाकीतल्या प्रवाळाच्या आजारपणाचा इतिहास

आजच्या व्याख्यानाला निमित्त झालं ते एका फोटोचं. आपल्या मालिकेच्या एक श्रोत्या न्यू जर्सीत राहतात. त्यांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि टाकीत एक प्रवाळ. 'हॅमर कोरल' म्हणतात त्याला. सात फांद्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला एक पॉलिप, आणि पॉलिपच्या शुंडकांची टोकं हातोडीसारखी. एरवी ही शुंडकं पाण्यात डुलत असतात. फोटोत ती सगळी आत ओढली गेली होती. खाली ताईंचा प्रश्न: "सर, चार दिवस झाले, हे उघडतच नाहीये. कुठलं औषध घालू?"

आम्ही पडलो इतिहासाची माणसं. पण प्रश्न वाचल्यावर एक गोष्ट लगेच आठवली. काचेच्या भांड्यातला पॉलिप उघडतो की मिटतो, एवढ्या एकाच खुणेवर माणसं गेली तीनशे वर्षं काहीबाही निष्कर्ष काढत आलेली आहेत, आणि त्यातले पुष्कळसे चुकलेले आहेत. ते कसे चुकले आणि हळूहळू कसे सुधारले, हे आज बघू. ताईंच्या प्रवाळाचं काय झालं तेही शेवटी सांगतो.

आधी पॉलिप म्हणजे काय ते दोन वाक्यांत. एक तोंड, तोंडाभोवती शुंडकं, खाली पिशवीसारखं पोट, आणि बुडाशी त्यानेच रचलेला चुनखडीचा सांगाडा. ना डोळे, ना आवाज, ना ताप. त्यामुळे या रोग्याकडे तक्रार करायची भाषाच फार तोकडी आहे. त्याला उघडता येतं, मिटता येतं, रंग बदलता येतो, चिकट स्राव सोडता येतो, आणि शेवटी सांगाड्यावरून गळून पडता येतं. पाणी बिघडलं तरी तो मिटतो, दिवा प्रखर झाला तरी मिटतो, माशाने टोचा मारला तरी मिटतो, आणि काहीही झालेलं नसतानासुद्धा मिटतो. डॉक्टरकडे गेलेला रोगी नुसता "बरं नाही" एवढंच म्हणाला, तर डॉक्टर काय करणार?

तर गोष्ट सुरू होते ती आपल्या ओळखीच्या वस्तूपासून, पोवळ्यापासून. मंगळाचा खडा म्हणून आपल्याकडे अंगठीत घालतात ते लाल पोवळं मूळचं भूमध्य समुद्रातलं. भारतीयांना पोवळ्याचं किती अप्रूप आहे, हे रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय. रोमनांना मोत्यांचं जेवढं मोल, तेवढं भारतीयांना पोवळ्यांचं, असं तो म्हणतो. पण हे पोवळं दगड आहे, झाड आहे की प्राणी, हे अठराव्या शतकापर्यंत कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

1706 सालच्या डिसेंबरात लुइजी फर्दिनांदो मार्सिली हा इटालियन गृहस्थ फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर होता. एकेकाळचा सेनाधिकारी, लष्करातून बाहेर पडल्यावर समुद्राच्या मागे लागलेला. त्याने कोळ्यांकडून नुकतीच काढलेली पोवळ्याची फांदी समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवली. काही वेळाने बघतो तर फांदीभर पांढरी, आठ पाकळ्यांची 'फुलं' उमललेली! पाण्याबाहेर काढली की मिटायची, परत ठेवली की उमलायची. मार्सिलीला आनंद झाला. फुलं आहेत, म्हणजे झाड आहे! समुद्राच्या निसर्गेतिहासावरच्या 1725 सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथातही त्याने हेच मांडलं.

आता गंमत बघा. निरीक्षण शंभर टक्के बरोबर, आणि निष्कर्ष साफ चूक.

मार्सेयचा डॉक्टर झाँ-आंद्रे पेसोनेल याने पुढे हाच प्रयोग उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर केला. त्याने नुसतं बघितलं नाही, छेडून बघितलं. हात लावला, आम्ल टाकलं. 'फुलं' आक्रसली. झाडाचं फूल असं वागत नाही, हा प्राणी आहे, असं त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं. तिथे रेओम्यूर हा बडा शास्त्रज्ञ होता. त्याने 1727 मध्ये हा विषय अकादमीपुढे मांडताना पेसोनेलचं नावच घेतलं नाही, कारण असं काहीतरी म्हटल्याबद्दल बिचाऱ्याचं हसं होऊ नये. सज्जनपणाच म्हणायचा! पुढे 1740 च्या दशकात ट्रेम्बलीने गोड्या पाण्यातला हायड्रा कापून त्याचे दोन करून दाखवले, तेव्हा कुठे रेओम्यूरने आपलं मत बदललं. तोवर पेसोनेल दूर कॅरिबियन बेटांवर निघून गेला होता.

आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने पेसोनेलची खरी शिकवण वेगळीच आहे. पॉलिप मिटला तर तो *कशामुळे* मिटला, हे शोधायला एकेक कारण लावून बघावं लागतं. ही साधी गोष्ट टाकी पाळणाऱ्यांना कळायला पुढची अडीचशे वर्षं जायची होती.

पण पेसोनेलचं प्रवाळ भांड्यात तासन् तास जगलं असेल, फार तर काही दिवस. ते *पाळलं* कुणी? इथे येतात ॲना थिन बाई. यांच्याबद्दल थोडं सावकाश सांगायला आम्हाला आवडेल, कारण इतिहासाच्या पुस्तकात त्यांना बहुधा एक ओळ मिळते.

ॲना थिन लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीशी संबंधित एका धर्मगुरूंच्या पत्नी. 1846 च्या शरद ऋतूत त्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला गेल्या होत्या. तिथल्या खडकांत त्यांना मॅड्रेपोर, म्हणजे दगडी प्रवाळं सापडली. ती जिवंत लंडनला न्यायची असं त्यांनी ठरवलं. अडचण अशी की प्रवासात भांडं हिंदकळणार आणि नाजूक जीव एकमेकांवर आपटणार. बाईंनी काय करावं? सुई-दोरा घेतला आणि ती प्रवाळं एका मोठ्या स्पंजाला चक्क टाचून टाकली!

लंडनला आल्यावर खरा प्रश्न सुरू झाला. समुद्राचं पाणी किनाऱ्यावरून मागवायचं, दिवसाआड बदलायचं. मग पाणी संपत आलं. तेव्हा त्यांनी ते फेकून न देता त्यात हवा मिसळायची युक्ती काढली. खिडकीपाशी उभं राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं, परत या भांड्यात. अर्धा-पाऊण तास, रोज. हे काम घरातल्या मोलकरणीकडे होतं, हे बाईंनी प्रामाणिकपणे नमूद केलंय. त्या मुलीचं नाव आपल्याला माहीत नाही. जगातला पहिला 'एअर पंप' म्हणजे तिचे दोन हात, असं आम्ही म्हणतो. 1847 मध्ये बाईंनी टाकीत समुद्रशैवाल ठेवलं, आणि ओतण्याची कटकट कमी झाली. ही प्रवाळं नुसती जगली नाहीत, वाढली, त्यांची पोरंबाळं झाली. त्या नोंदी 1859 मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात आल्या, फिलिप हेन्री गॉस या प्रसिद्ध निसर्गलेखकाच्या टिपणांसह.

लक्षात घ्या, बाईंनी पॉलिपवर काहीच उपचार केला नाही. उपचार केला तो पाण्यावर.

मग गॉसचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक 1854 मध्ये आलं आणि इंग्लंडमध्ये घरोघरी टाक्यांची लाट उसळली. लोकांनी किनाऱ्यावरची खडकातली डबकी ओरबाडून नेली. गॉसच्या मुलाने, एडमंडने, पुढे आपल्या आठवणींत या लुटीबद्दल दुःख व्यक्त केलंय. बापाच्या पुस्तकाने ती सुरू झाली होती ना! नेलेलं बहुतेक सगळं मेलं. कारण उघड आहे. प्रत्येक घरात सुई-दोरा घेऊन बसणारी ॲना थिन नव्हती, आणि पाणी ओतणारी मुलगीही नव्हती. एक मेलं की काय करायचे? पाणी ओतून द्यायचं आणि दुसरं आणायचं. ही सवय, रोग्याचं निदान करण्याऐवजी रोगीच बदलायचा, या छंदाला जी लागली ती फार काळ सुटली नाही. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महाग पडलेली गोष्ट हीच.

आता एक पेच आहे, तो समजून घेऊ. थिन बाईंची प्रवाळं थंड पाण्यातली, उजेडाशिवायही जगणारी. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळांचं घरगुती अर्थकारणच वेगळं असतं. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. झूझँथेली असं नाव कार्ल ब्रँट या जर्मन शास्त्रज्ञाने 1881 मध्ये त्यांना दिलं. हे भाडेकरू उजेडात अन्न बनवतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. प्रवाळाचा तपकिरी रंग मुख्यतः या भाडेकरूंचाच.

पण हे कळायला फार वेळ लागला. 1928-29 मध्ये मॉरिस याँग या तरुण शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक मोहीम गेली. तिथे त्यांनी काही प्रवाळं उजेडात उपाशी ठेवली, काही अंधारात. हाल झाले की प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकून देतं आणि पांढरं पडतं, हे तिथे नीट नोंदलं गेलं. म्हणजे आज वर्तमानपत्रांत ज्याला 'कोरल ब्लीचिंग' म्हणतात त्याची ही एक जुनी प्रयोगशाळेतली नोंद. मात्र प्रवाळ मुळात मांसाहारी आहे, शैवालाकडून त्याला अन्न मिळत नाही, या मताला याँग चिकटून राहिला. 1958 मध्ये मस्कटाइन आणि हँड यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून समुद्रफुलात दाखवलं की शैवालाने बनवलेलं अन्न खरोखर यजमानाच्या अंगात जातं. जमैकात गोरो यांनी जवळपास त्याच सुमारास दाखवलं की उजेडात प्रवाळाचा सांगाडा जलद वाढतो.

म्हणजे 1958 च्या आधी एखाद्याच्या टाकीत उष्ण प्रदेशातलं प्रवाळ कोमेजलं, तर तो काय म्हणणार? "भूक लागली असेल." आणि काय करणार? कोळंबी चिरून घालणार. ती कुजणार, पाणी बिघडणार, आणि उजेडासाठी आसुसलेला जीव विष्ठेच्या पाण्यात मरणार.

आणि याच काळात, हे ऐकून वाईट वाटतं, युरोप-अमेरिकेतल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या पांढऱ्याशुभ्र प्रवाळांनी सजवलेल्या असत. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून स्वच्छ केलेले मेलेले सांगाडे! प्रेतालाच शोभेची वस्तू मानलं की आजाराचं निदान कोण कशाला करेल?

या कोंडीतून वाट निघाली ती जकार्तातून. ली चिन एंग नावाच्या गृहस्थांनी 1961 मध्ये एका अमेरिकन मासिकात लेख लिहिला. त्यांची पद्धत इतकी साधी की लोकांना खरी वाटेना. समुद्रातून जिवाणू-शैवालासकट उचललेले खडक, भरपूर सूर्यप्रकाश, आणि हवेचे मंद बुडबुडे. फिल्टर नाही. प्रवाळं जिवंत. अमेरिकेत ज्यांनी नक्कल करून पाहिली त्यांचे हात पोळले. ली यांच्या दाराशी ऊन आणि समुद्र दोन्ही होतं, आणि थंड देशातल्या गृहस्थाच्या तळघरात दोन्ही नव्हतं. पण एक विचार रुजला: खडकावरची अदृश्य वस्तीच पाणी राखते.

पुढचं काम जर्मन भाषिक छांदिष्टांनी केलं, आणि इथे आपल्या स्वयंपाकघरातली एक वस्तू येते. पेटर विल्केन्स यांनी 1970 च्या दशकात दगडी प्रवाळांसाठी एक पदार्थ लोकप्रिय केला. जर्मनमध्ये त्याला 'काल्कवासर' म्हणतात. आज जगभरचे लोक हाच जर्मन शब्द वापरतात, जणू काही गूढ रसायन आहे. अहो, ही आपली चुन्याची निवळी! शाळेत नळीने फुंकर मारून आपण दुधाळ करायचो तीच. पानाचा चुना पाण्यात कालवून ठेवला की वर जे नितळ पाणी राहतं ते. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, बाकी तळाला. ती निवळी थेंबथेंब टाकीत सोडायची, बहुधा रात्री, कारण तेव्हा पाण्याचा सामू उतरलेला असतो आणि निवळी अतिशय अल्कधर्मी. एकदम ओतली तर प्रवाळ भाजून निघेल.

हिने काय साधलं? प्रवाळ वाढताना पाण्यातला कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही शोषून घेतं. समुद्र अथांग आहे, त्याला फरक पडत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत आठवड्याभरात खडखडाट होतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 400 ते 420 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ते घसरलं की वाढ थांबते, ऊती मागे सरकते, पॉलिप मिटतो. बघणाऱ्याला वाटतं रोग झाला. रोग कसला, कुपोषण!

बर्लिनच्या छांदिष्टांनी याला जोडले प्रखर मेटल-हॅलाइड दिवे, जिवंत खडक आणि फेस काढणारं यंत्र, स्किमर. उसाचा रस उकळताना गुऱ्हाळात मळी काढतात ना, तसंच. बुडबुड्यांना चिकटून घाण वर येते, ती काढून टाकायची. 'बर्लिन पद्धत' म्हणून ही ओळखली जाते. 1980 च्या दशकात घरगुती टाकीत दगडी प्रवाळं नुसती टिकू नाही, तर फोफावू लागली ती यामुळे. फांद्या तोडून एकमेकांना द्यायची पद्धत पडली. डिट्रिख श्ट्यूबर या बर्लिनकराच्या टाकीतल्या ॲक्रोपोराच्या फांद्या अशा हातोहाती देशोदेशी गेल्या. आपल्याकडे आजी गुलाबाचं कलम देते, तसंच.

आणि निदानाची रीतच बदलली. मिटलेला पॉलिप दिसला की आता छांदिष्ट पॉलिपकडे बघत नव्हता, तो परीक्षानळी हातात घेत होता. क्षारता किती, कॅल्शियम किती, अल्कलिनिटी किती, नायट्रेट किती. थिन बाईंचाच मार्ग, फक्त आता आकड्यांसकट.

पण म्हणतात ना, एका औषधाने गुण आला की वैद्य तेच सगळ्यांना देतो. पाणी, पाणी आणि पाणी. पाणी इतकं निर्मळ करायचं की त्यात नायट्रेट-फॉस्फेटचा मागमूस नको, अशी अहमहमिका लागली. प्रवाळं फिकट पडायला लागली. साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या योर्ग वीडेनमान यांच्या गटाने गेल्या दशकात टाक्यांमधल्या प्रयोगांतून दाखवलं की नायट्रेट असताना फॉस्फेटची उपासमार झाली तर प्रवाळ उष्णतेत आणि उजेडात लवकर पांढरं पडतं. म्हणजे शतकापूर्वी घाणीने मारलं, आता स्वच्छतेने!

त्याहून मोठा धक्का 1990 च्या दशकातच बसला होता. सगळे आकडे उत्तम, दिवे उत्तम, आणि तरी एखाद्या सकाळी उठून बघावं तर ॲक्रोपोराची ऊती साल सोलल्यासारखी लोंबते आहे, खाली पांढरा सांगाडा. रात्रीतून खलास. याला 'रॅपिड टिशू नेक्रोसिस' नाव पडलं. नाव पडल्याने समाधान वाटतं, कारण कळत नाही. आजही त्यामागे एकच जंतू आहे असं म्हणता येत नाही. पण उपाय सापडला, तो शल्यचिकित्सेचा: रोगाची रेघ जिथे पोहोचली असेल त्याच्या पुष्कळ पुढे, निरोगी भागात फांदी तोडायची आणि तुकडे वेगळे करायचे. झाड गेलं तरी कलम वाचतं. काहींनी क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविकही वापरून पाहिलं. हे औषध माणसाच्या अस्थिमज्जेला घातक ठरू शकतं, आणि घरच्या बादलीतलं प्रतिजैविक मोरीत ओतणं म्हणजे जंतूंना शिकवणी देणं. आम्हाला हा प्रकार मुळीच पसंत नाही.

मग लोक पुन्हा पॉलिपकडे बघू लागले, पण आता भिंग घेऊन. आणि काय काय दिसलं! ॲक्रोपोराचा रंग उडतोय, त्यावर बारीक फिकट गोल डाग. जवळून बघितलं तर चपटे कृमी, प्रवाळाच्याच रंगाचे, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसले नव्हते. बुडाशी उघड्या सांगाड्यावर त्यांची तपकिरी अंडी. या कृमीचं शास्त्रीय वर्णन 2011 मध्ये झालं, तेही टाक्यांतल्या नमुन्यांवरून. ग्रेट बॅरियर रीफवर रानात तो सापडल्याची नोंद झाली त्यानंतर, 2012 मध्ये. म्हणजे रोग आधी दिवाणखान्यात ओळखला गेला आणि मग समुद्रात! उपाय म्हणजे औषधी पाण्यात बुडवून कृमी झटकणं. पण अंड्यांना त्याने काही होत नाही, म्हणून ती खरवडायची आणि काही दिवसांनी परत बुडवायचं. एक बुडी मारून 'झालं' म्हणणाऱ्याच्या टाकीत महिन्याभरात कृमी परत.

त्याच ॲक्रोपोरावर लाल ठिपक्याएवढे कवचधारी जीवही असतात. त्यांच्यावर चाललेलं औषध कुठलं? मिल्बेमायसिन, कुत्र्यांच्या हृदयातल्या जंतांवर जनावरांचे डॉक्टर देतात ते. गुण येतो, पण टाकीतली कोळंबी आणि खेकडेही मरतात. आधी बाहेर काढले नाहीत तर.

या सगळ्या धडपडीतून एक भेद हाती लागला, तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. 'पांढरं पडलं' या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी लपल्या आहेत. एकात शैवाल गेलेलं असतं, पण ऊती जागेवर असते. काचेसारखी पारदर्शक, खालचा सांगाडा दिसतो, आणि पॉलिप रात्री शुंडकं बाहेर काढतोसुद्धा. हा जिवंत आहे. उजेड कमी करा, ऊब आवरा, थोडं भरवा, काही आठवड्यांत, कधी महिन्यांत रंग परततो. दुसऱ्यात ऊतीच गेलेली असते. कोरडा, खरखरीत सांगाडा, त्यावर दोन दिवसांत हिरवट शेवाळ चढतं. तो भाग मेला. त्यावर औषध घालून उपयोग नाही, फक्त उरलेला भाग वाचवायचा. कितीतरी लोकांनी पहिल्या प्रकारचं प्रवाळ मेलं समजून फेकून दिलं असेल!

जाता जाता एक सावधगिरी, कारण ऐकणाऱ्यांत टाकीवाले असतील. झोअँथिड नावाचे मऊ पॉलिप दिसायला अगदी निरुपद्रवी, पण त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. 1971 मध्ये हवाईतल्या शास्त्रज्ञांनी ते वेगळं केलं. असे खडक घासताना हातमोजे, चष्मा हवाच, आणि ते खडक उकळायचे कधीही नाहीत. वाफेनं अख्खं कुटुंब रुग्णालयात गेल्याच्या घटना आहेत.

आणि भारतातल्या श्रोत्यांसाठी: आपल्याकडे 2001 पासून दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास बुडी मारताना दिसलेला तुकडा घरी आणणं हा गुन्हा आहे, तो मेलेला असला तरी.

आता शेवटचा टप्पा. 2014 मध्ये फ्लोरिडात मायामीजवळ प्रवाळांवर एक साथ आली. ऊती गळून सांगाडा उघडा पडायचा. वीसहून अधिक जातींना ती लागली आणि पुढच्या वर्षांत कॅरिबियनभर पसरली. शेकडो वर्षांचे मोठे गड्डे काही आठवड्यांत, महिन्यांत गेले. उपाय काय केला? ॲमॉक्सिसिलिन, आपण घशाला घेतो ते, एका चिकट मलमात मिसळून पाणबुड्यांनी रोगाच्या रेघेवर बोटांनी दाबून भरलं. एकेका गड्ड्यावर, हाताने. ती रेघ बहुतेक वेळा तिथेच थांबते. पण त्याच प्रवाळावर दुसरीकडे नवी रेघ उमटू शकते, म्हणून परत परत जावं लागतं. शिवाय साथ पोहोचण्याआधीच निरोगी प्रवाळं समुद्रातून काढून देशभरच्या मत्स्यालयांत हलवली. 2023 च्या जुलैत पाणी असह्य तापलं तेव्हा तर समुद्रातल्या रोपवाटिकाच उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणाव्या लागल्या.

दीडशे वर्षांपूर्वी माणसं समुद्रातून प्रवाळ आणून टाकीत मारत होती. आता समुद्रात मरू नये म्हणून टाकीत आणतात. दिवे, स्किमर, चुन्याचा हिशोब, तुकडे करण्याची रीत, हे बरंचसं तळघरातल्या हौशी लोकांनी चुकत-माकत शोधलेलं. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात तर कृत्रिम चंद्रप्रकाश आणि ऋतूंप्रमाणे बदलणारं तापमान देऊन प्रवाळांचं प्रजनन ठरल्या वेळी घडवलं. ती पद्धत 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. 2019 मध्ये फ्लोरिडातल्या मत्स्यालयात त्यांच्याच मदतीने स्तंभ-प्रवाळाने टाकीत बीजं सोडली. रानात ती जात जवळजवळ संपत आलेली आहे.

बरं, न्यू जर्सीच्या ताई. आम्ही त्यांना औषधाचं नाव सांगितलं नाही. चार प्रश्न विचारले. गेल्या महिन्यात टाकीत काय बदललं? ऊती जागेवर आहे का, की सांगाड्याच्या धारा दिसतात? सगळ्या फांद्या मिटल्यात की काहीच? आणि वास येतो का?

ताईंनी भिंग घेऊन बघितलं. तीन आठवड्यांपूर्वी नवे एलईडी दिवे बसवले होते, पहिल्या दिवसापासून पूर्ण जोरावर. पाच फांद्यांवर ऊती शाबूत, नुसती आक्रसलेली. दोन फांद्यांवर मात्र तपकिरी चिकट लपका, आणि कुजका वास. याला 'ब्राउन जेली' म्हणतात, त्यात सूक्ष्म जीव मेलेली ऊती खात असतात आणि शेजारच्या जिवंत भागावर पसरतात. म्हणजे एकाच मिटलेल्या प्रवाळात दोन वेगळी दुखणी. दिवा जास्त झाला म्हणून पाच आक्रसले, आणि अशक्तपणात दोघांना लागण झाली, असा आमचा अंदाज.

त्यांनी आधी नळीने तो लपका टाकीबाहेर ओढून घेतला, टाकीत पसरू न देता. त्या दोन फांद्या आणि त्यांना चिकटलेली तिसरी, अशा तीन करवतीने कापून वेगळ्या केल्या. उरलेलं प्रवाळ टाकीच्याच पाण्यात आयोडीनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून त्यात बुडवलं, आणि खाली, कमी उजेडाच्या जागी ठेवलं. दिवा निम्म्यावर आणला. परवा त्यांचा दुसरा फोटो आला. चार फांद्या आहेत. तीन पूर्ण उघडल्या आहेत, चौथी अर्धवट.